शिनोलीच्या शेतात सोन्याचे नाणे

आमच्या शिनोलीत प्रत्येक जुन्या घराच्या वाट्याला एक हंडा असतो. तो कोणी पाहिलेला नसतो; पण पणजोबांनी तो पडवीखाली पुरला की गोठ्यामागे, यावर दोन चुलत घरांचे एकमतही नसते. आमच्याही घरी असा हंडा आहे. गेल्या वर्षी कांद्याचे पैसे हाती आले तेव्हा थोरल्या भावाच्या मुलाने मेटल डिटेक्टर मागवला. मशीन घरी पोचण्याआधीच धाकट्या भावाने विचारले, "सापडलं तर वाटणी कशी?" त्यावरून दोन घरांत आठ दिवस अबोला. निवृत्तीनंतर मोकळा असा मीच. तेव्हा सोने सापडण्याची शक्यता खरोखर किती, हे बघण्याचे काम माझ्या गळ्यात पडले.

आधी मशीनचे. काठीच्या टोकाच्या चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारा विद्युतप्रवाह सोडला की भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र तयार होते. खाली धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, त्यांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र वर येते आणि चकतीतले दुसरे वेटोळे ते टिपते. हे उत्तर किती मागे पडले यावरून पडद्यावर एक आकडा उमटतो. पुतण्याची समजूत अशी, की सोन्याचा आकडा ठरलेला. तसे नसते. आकडा धातूइतकाच आकारावर आणि जाडीवर अवलंबून असतो. चांदीचा रुपया वरच्या आकड्यांत खणखणीत बोलतो. पण लहान, पातळ सोन्याचे नाणे ज्या पट्ट्यात येते, त्याच पट्ट्यात औषधाच्या गोळ्यांचे रिकामे पाकीट आणि शीतपेयाच्या डब्याची कडीही येते. कचरा नको म्हणून तो पट्टा बंद केला, तर होनही गप्प बसतो.

त्यातून आपली जमीन काळ्या पाषाणाची. मुरमात आणि तांबड्या मातीत लोहखनिज इतके, की मशीन मातीलाच उत्तर देत राहते. मग संवेदनक्षमता उतरवावी लागते आणि सुट्या नाण्याचा पल्ला वीतभरावर येतो. जाहिरातीतले दहा फूट विसरायचे.

बरे, या मातीत सोने आले तरी किती? जुन्नर हाकेच्या अंतरावर, नाणेघाट त्याच्या पलीकडे, म्हणून आम्हाला वाटते सातवाहनांचे सोने पायाखाली आहे. पण सातवाहनांची नाणी शिशाची, तांब्याची, पोटीन या मिश्रधातूची आणि थोडी चांदीची. त्यांचे सोन्याचे नाणे माहीत नाही. नाशिकच्या लेण्यातल्या उषवदाताच्या लेखात सत्तर हजार कार्षापणांचे दोन हजार सुवर्ण असा हिशेब आहे, म्हणजे सोन्याचे माप ठाऊक होते. हातात फिरत होती ती चांदी. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला तेरा हजारांवर नाणी एकत्र मिळाली, नहपानाची, त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलेला. सगळी चांदीची.

सोन्याचे खरे उमेदवार पुढचे: देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक, सुलतानांचे टंके, मोगलांच्या मोहरा, होन. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी जुन्नर लुटले, त्या लुटीचा आकडा तीन लाख होनांचा सांगतात. म्हणजे जुन्नरच्या पेठेत सोने होते, पण ते मातीत राहिले नाही, घोड्यावरून गेले. उरलेले सोनाराच्या मुशीत गेले. व्हेनिसचे डुकाट आपल्याकडे आले, त्यांवरच्या मनुष्याकृती पाहून बायकांनी त्यांना पुतळ्या म्हटले आणि तसल्या नकला करून माळेत ओवल्या. जुने सोन्याचे नाणे बघायचे असेल तर शेतापेक्षा आजीच्या पुतळीमाळेकडे बघावे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

मुख्य गोष्ट मात्र वेगळीच आहे. नाणे मातीत दोन रीतींनी जाते: हरवते किंवा पुरले जाते. हरवते ते तांबे. बाजाराच्या वाटेवर शिवराई कनवटीतून निसटली तर माणूस चार पावले मागे जाऊन बघतो आणि पुढे चालू लागतो. होन निसटला तर तो रात्री कंदील घेऊन येतो. सोने पुरले जाते, तेही भांड्यात, हातभर खाली, एकाच जागी. सबंध शिवारात अशी जागा असली तर एक, नाहीतर एकही नाही. वीतभर पल्ल्याचे मशीन हरवलेल्यासाठी आहे; पुरलेले बहुधा नांगराला आणि जेसीबीला लागते.

मोठे साठे असेच योगायोगाने निघाले. बयाण्याजवळ १९४६ मध्ये गुप्तांची १८२१ सोन्याची नाणी निघाली, तेव्हा तिथे कुठले मशीन होते? आपल्या पुणे जिल्ह्यात काही वर्षांपूर्वी चिखलीत बांधकामाच्या जागी सोन्याची नाणी निघाली. मजुरांनी ती घरी ठेवली, कुणकुण लागली आणि पोलिसांनी २१६ नाणी जप्त केली, वजन २३५७ ग्रॅम. भागाकार केला तर नाण्यामागे जवळपास अकरा ग्रॅम, म्हणजे मोगल मोहरेचेच वजन. मशीनने सापडलेला मोठा साठा बघायचा तर इंग्लंडात जावे लागते. १९९२ मध्ये हॉक्सन गावी एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला, मित्र मशीन घेऊन तो शोधायला गेला आणि १४,८६५ रोमन नाणी निघाली. त्यांत सोन्याची ५६९, म्हणजे शंभरात चारसुद्धा नाहीत. हातोडाही सापडला.

वाटणीचे उत्तर १८७८ च्या निखात निधी कायद्यात आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे काही सापडले की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. लपवले तर एक वर्षापर्यंत कैद. निधी बेवारस ठरला आणि आपसांत ठराव नसला तर सापडणाऱ्याला तीन हिस्से, जमीनमालकाला एक. सरकारला हवा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग देऊन सरकार तो घेऊ शकते. शंभर वर्षांच्या आत कोणी पुरल्याचे दिसले तर त्याच्या वारसांना दिवाणी दाव्याची मुभा मिळते. हे वाचून दाखवल्यावर आमच्याकडे नवाच वाद निघाला: पणजोबा नेमके कधी वारले? शिवनेरी, लेण्याद्री अशा संरक्षित जागी तर विनापरवाना खणणे हाच गुन्हा. आणि हंड्यासाठी कोणी मांत्रिक अघोरी विधी सुचवू लागला, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच.

पुतण्याने आठ रविवार शेत पालथे घातले. मी बांधावर बसून वही लिहिली. नाल, खिळे, फाळाचे तुकडे, बाटल्यांची बुचे, गोळ्यांची पाकिटे, एक दहा पैशांचे नाणे. पाचव्या रविवारी शिवराई निघाली. माझे लक्ष नव्हते तेवढ्यात त्याने ती चिंचेच्या कोळाने लख्ख घासली. हिरवट थर गेला, त्याबरोबर अक्षरेही गेली. आज ती तांब्याची चकती आहे, त्यावर 'श्री' असेल असे मी म्हणतो.

आठव्या रविवारी दुसरी निघाली. या वेळी त्याने हाक मारली, "काका, हात लावला नाही." विहिरीच्या काठापासून बावीस पावले, बोराच्या झाडाच्या रेषेत, सहा बोटे खोल. एका बाजूला 'छत्र' एवढे वाचता येते. बाजारात तिचे दहा रुपयांपेक्षा जास्तच येतील, म्हणून आम्ही जागेच्या नकाशासह जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. अर्जावर सापडणारा म्हणून पुतण्याची सही आहे. जमीनमालक म्हणून दोन्ही भावांच्या.