बुटक्या सिक्लिडची टाकी: आधी पाणी, मग मासे

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "टाकी आणली, ड्वार्फ सिक्लिड कधी सोडू?" माझं उत्तर ऐकून तुम्ही वैतागाल: महिना-दीड महिन्याने! का, ते आज सांगतो.

उदाहरणाला एकच जात घेऊ, अपिस्टोग्रामा काकाटुओइडिस. नराच्या पाठीवरच्या पराचा पुढचा भाग काकाकुव्याच्या तुऱ्यासारखा उभा राहतो, म्हणून हे नाव. नर साधारण ८ सेंटिमीटर, मादी ५. मूळ घर ॲमेझॉनच्या खोऱ्यातले उथळ, संथ ओहोळ. तिथे तळाशी गळलेल्या पानांचा थर असतो. लपणं, खाणं, पिल्लं वाढवणं, सगळं तिथेच. म्हणजे या माशाला टाकीची उंची नको, तळ हवा.

एका जोडीला ६० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरची टाकी पुरते. ती काठोकाठ भरली तर ५४ लिटर, म्हणजे नुसतं पाणीच ५४ किलो! टेबल मजबूत बघा. थेट ऊन येतं तिथे ठेवू नका, नाहीतर शेवाळ माजेल.

तळाला धुतलेली बारीक, गोलसर वाळू, तीनेक सेंटिमीटर. हे मासे वाळू तोंडात घेऊन चाळतात आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतात. टोकदार खडी चालत नाही.

मग गुहा. नारळाची करवंटी घ्या, कडेला छोटं दार करा, नीट उकळा आणि पालथी ठेवा. मादी गुहेच्या छताला अंडी चिकटवते. मग ती पिवळीधमक होते आणि पहाऱ्याला बसते. तेव्हा ती नरालाही हुसकावते, आणि पळायला जागा नसेल तर छोट्या टाकीत ते जिवावर बेततं. म्हणून दोन टोकांना दोन गुहा, आणि मध्ये लाकूड असं ठेवा की एकीकडून दुसरी दिसणार नाही.

पानं आपल्याकडे फुकट मिळतात! देशी बदामाची गळलेली, पूर्ण वाळलेली तपकिरी पानं घ्या. फवारणी झालेल्या झाडाची नकोत. धुवा, उकळा, टाका. पाणी फिक्या चहासारखं होईल. घाबरू नका, ते तसंच हवंय.

झाडांमध्ये अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला दोऱ्याने बांधा. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं तर कुजतं. क्रिप्टोकोरिन मात्र वाळूत लावा. सुरुवातीला त्याची पानं विरघळल्यासारखी होतील, पण उपटू नका, मुळातून नवीन फुटतात.

आता मुद्द्याचं. माशाची घाण आणि उरलेलं खाणं यातून अमोनिया तयार होतो. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, आणि मासा मरतो. एक प्रकारचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सौम्य, आणि झाडं ते थोडंफार वापरतात. हे बॅक्टेरिया फिल्टरच्या स्पंजवर वसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू ठेवा आणि रोज चिमूटभर खाणं टाका, म्हणजे त्यांनाही खुराक मिळेल. दुकानात कोणी "आजच सोडा" म्हणालं तरी टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासे आणू नका.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच पाणी भरा. बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं, त्यात आरओचं पाणी मिसळा. तापमान २४ ते २७ अंश. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. आणि स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नाहीतर महिनाभर जमवलेले बॅक्टेरिया क्लोरीनने मरतील.

महिनाभर रिकामी टाकी बघून घरचे विचारतील, "मासे कुठायत?" सांगा, त्यांचं घर तयार होतंय. चला, भेटू पुढच्या भागात!