छताजवळच्या फळीवरचं चित्र

रुग्णालयाच्या खोलीत छताजवळ एक फळी ठोकायची आणि तिच्यावर एक चित्र ठेवायचं, तोंड छताकडे करून. खाटेवरच्या रुग्णाला ते दिसणार नाही. छाती दाबणाऱ्या डॉक्टरांना आणि इंजेक्शन भरणाऱ्या सिस्टरलाही दिसणार नाही. दिसलंच तर फक्त त्याला, जो शरीर सोडून खरोखर वर तरंगतो आहे. डॉ. सॅम पार्निया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रियातल्या १५ रुग्णालयांना घेऊन केलेल्या अभ्यासात अशा फळ्या बसवल्या. मृत्यूनंतर काय, या प्रश्नावर आजवर झालेल्या कामात मला हा प्रयोग सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण उत्तर 'नाही' असं येण्याची त्यात पूर्ण मुभा आहे.

मरणाच्या दारातून परतलेली माणसं काय सांगतात, ते आता बहुतेकांना ठाऊक आहे. अंधारा बोगदा, पलीकडे उजेड, आधी गेलेले आप्त, कधी न अनुभवलेली शांती, आणि खाली पडलेलं आपलंच शरीर. अमेरिकेतल्या रेमंड मूडी यांच्या १९७५ सालच्या पुस्तकाने हे वर्णन जगभर नेलं. पण पुस्तकात गोळा केलेल्या हकिकती वेगळ्या आणि रुग्णालयात ओळीने प्रत्येक रुग्णाला विचारलेले प्रश्न वेगळे. ते काम नेदरलँड्सचे हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हान लोमेल यांनी केलं. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या ३४४ रुग्णांपैकी ६२ जणांना असा काही अनुभव आठवत होता, असं त्यांनी २००१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं. म्हणजे शंभरात अठरा. ही माणसं थापा मारत नाहीत, हे तिथेच स्पष्ट झालं. अनुभव खरा आहे. प्रश्न आहे तो त्याच्या अर्थाचा.

आता फळ्यांकडे वळू. पार्निया यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. हृदय बंद पडण्याच्या २०६० घटना नोंदल्या गेल्या. बरेचसे रुग्ण दगावले, वाचलेल्यांतले अनेक जण बोलण्याच्या स्थितीत नव्हते, आणि सविस्तर मुलाखती झाल्या १०१ जणांच्या. त्यांतल्या नऊ जणांचा अनुभव मृत्युसमीप म्हणावा असा होता. प्रत्यक्ष काय चाललं होतं ते पाहिल्या-ऐकल्याचं दोघांनी सांगितलं. त्यांतल्या ५७ वर्षांच्या एका गृहस्थांची हकिकत वाचताना कुणीही थबकेल. आपण खोलीच्या कोपऱ्यातून, वरून पाहत होतो, असं ते म्हणाले. निळ्या कपड्यांतला एक टकला, जाडसर माणूस त्यांनी वर्णन करून सांगितला. शॉक द्यायला सांगणारा यंत्राचा आवाजही त्यांनी ऐकला होता. नोंदी तपासल्या, वर्णन जुळलं. यंत्राच्या वेळेवरून हिशेब केला, तर हृदय बंद असताना त्यांना तीन मिनिटांपर्यंत भान असावं असं दिसत होतं.

फळी मात्र त्या खोलीत नव्हती. अभ्यासातल्या शंभरातल्या ७८ घटना फळी नसलेल्या जागीच घडल्या. हृदय काही खोली पाहून बंद पडत नाही!

मग फळीची जागा टॅब्लेटने घेतली. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या २५ रुग्णालयांत, हृदय बंद पडल्याचा निरोप आला की संशोधक यंत्रं घेऊन धावायचे, टॅब्लेटवर चित्र लावायचे, रुग्णाच्या कानाला हेडफोन लावून फळांची नावं ऐकवायचे आणि त्याच वेळी मेंदूतल्या विद्युतलहरी टिपायचे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५६७ रुग्ण होते. ५३ वाचले, २८ जणांशी बोलता आलं. चित्र एकालाही सांगता आलं नाही. फळांची नावं एकाने ओळखली. ऐकणं हे कानाचं आणि मेंदूचं काम आहे, त्यासाठी छताजवळ जावं लागत नाही.

याच अभ्यासात काही रुग्णांच्या मेंदूत, छाती दाबणं सुरू असताना, अर्ध्या तासानंतरही जवळपास नेहमीसारख्या लहरी आढळल्या. हृदय थांबलं की मेंदूही पार संपला, ही समजूत त्यामुळे ढासळते. मिशिगन विद्यापीठाच्या जिमो बोर्जिगिन यांनी २०१३ मध्ये उंदरांत, आणि दहा वर्षांनी, कृत्रिम श्वास काढून घेतलेल्या चारपैकी दोन रुग्णांत, अखेरच्या क्षणी मेंदूतल्या वेगवान लहरी उसळताना पाहिल्या. त्या दोघांना काय वाटलं, हे कळायला मार्ग नाही. ते परतले नाहीत.

आपल्याकडच्या हकिकती तर बोगद्याच्या गोष्टीला वेगळंच वळण देतात. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेचे इयान स्टीव्हन्सन यांनी भारतातली १६ उदाहरणं १९८६ मध्ये मांडली. इथे न्यायला दूत येतात, वही घेऊन बसलेल्या कुणापुढे उभं करतात, वहीत पाहिलं जातं आणि कळतं की माणूस चुकीचा आणला, न्यायचा होता दुसराच. लगेच परत पाठवणी. चित्रगुप्ताची वही ज्याने लहानपणी ऐकली, त्याला वही भेटते. अमेरिकन माणसाला असा घोळ झालेला कार्यालयीन परलोक भेटत नाही. परलोक एकच असता तर तिथली व्यवस्था देशागणिक बदलली नसती, असं मला वाटतं. शांतीची भावना मेंदू पुरवत असावा आणि चेहरे, दरवाजे, वह्या आपल्या घरातल्या संस्कारांतून येत असाव्यात.

लोमेल यांचा एक प्रश्न तरीही उभा आहे. प्राणवायू तर सगळ्यांचाच तुटतो, मग अनुभव शंभरात अठराच जणांना का? याचं समाधानकारक उत्तर मेंदूविज्ञानाने अजून दिलेलं नाही. आठवण नेमकी कधी तयार झाली, शुद्ध हरपताना, लहरी थंडावल्या असताना की शुद्धीवर येताना, हेही रुग्णाच्या तोंडून ठरवता येत नाही. अशा अनुत्तरित जागांत परलोक बसवण्याचा मोह होतो. पण परत आलेला प्रत्येक जण परत येऊ शकला, म्हणजे त्याचा मेंदू मेलेला नव्हता. मृत्यूच्या अलीकडच्या काठाबद्दल तो सांगू शकतो, पलीकडचं सांगणारा साक्षीदार विज्ञानाला मिळालेला नाही.

तुमच्या घरी कुणी अतिदक्षता विभागातून परतलं आणि दबक्या आवाजात असं काही सांगू लागलं, तर त्याला भ्रम म्हणून गप्प करू नका आणि देवमाणूस करून पाया पडायलाही धावू नका. शांतपणे ऐकून घ्या, जमलं तर त्याच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवा आणि त्याच्या डॉक्टरांना दाखवा.