एचआयव्ही आणि मज्जासंस्था : व्याधिक्षमत्वाच्या पेशींतील बदल

पाददाह, पादसुप्ति आणि वाढते विस्मरण ही लक्षणे घेऊन चाळिशीतील एक यंत्रमाग कामगार विट्यातील माझ्या चिकित्सालयात आला. वातव्याधी समजून तीन महिने चिकित्सा दिली. उपशय मिळाला नाही. वजन घटू लागल्यावर रक्ततपासणी केली, तेव्हा एचआयव्हीचे निदान झाले. गलाई व्यवसायासाठी परप्रांती राहणाऱ्या रुग्णांना मी या तपासणीविषयी विचारीत असे. या रुग्णाने गाव कधी सोडले नव्हते, म्हणून विचारले नाही. तो पूर्वग्रह माझा होता आणि त्याची किंमत रुग्णाने मोजली. वैद्यबंधूंच्या हातून असे घडू नये, यासाठी हा लेखप्रपंच.

पेशींमध्ये काय घडते ?

एचआयव्ही विषाणू प्रामुख्याने सीडी ४ या लसिकापेशींत प्रवेश करतो. निरोगी प्रौढात त्यांची संख्या दर घनमिलिमीटर रक्तात साधारण ५०० ते १५०० असते. उपचाराविना ती वर्षानुवर्षे घटत जाते. सीडी ८ पेशी मात्र वाढतात व दोहोंचे प्रमाण उलटे होते. संख्या २०० च्या खाली गेली की संधिसाधू संसर्ग बळावतात. क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ, क्रिप्टोकोकसचा संसर्ग व टॉक्सोप्लाझ्मोसिस हे त्यांपैकी मेंदूला ग्रासणारे प्रमुख होत.

परंतु संधिसाधू संसर्गाशिवायही मेंदूची हानी होते. संसर्गानंतर काही आठवड्यांतच बाधित मोनोसाइट व लसिकापेशींबरोबर विषाणू मेंदूत पोहोचतो. तेथे तो रक्तवाहिन्यांभोवतीच्या भक्षकपेशींत व मायक्रोग्लिया पेशींत ठाण मांडतो. चेतापेशींना तो सहसा बाधित करीत नाही. उत्तेजित भक्षकपेशींतून स्रवणारी दाहकारक द्रव्ये आणि विषाणूची काही प्रथिने चेतापेशींना इजा करतात. म्हणजे रक्षणासाठी नेमलेली पेशीच येथे हानीचे माध्यम बनते. सीडी ४ ची संख्या पूर्वी जितकी खाली गेली असेल, तितका पुढे बुद्धि-स्मृतीच्या विकाराचा धोका अधिक राहतो. म्हणून विलंब घातक होय.

भारतात विषाणूचा ‘सी’ उपप्रकार आढळतो. त्याच्या ‘टॅट’ प्रथिनातील एका फरकामुळे मोनोसाइट पेशींना खेचून घेण्याची त्याची शक्ती कमी असते, असे बंगळुरूच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखविले. मात्र त्यावरून निर्धास्त होणे चुकीचे ठरेल. सौम्य बौद्धिक न्यूनता भारतीय रुग्णांतही पुरेशी आढळली आहे.

आपले कर्तव्य

चरकाचार्यांनी सूत्रस्थानात व्याधिक्षमत्वाचा विचार मांडला आहे. वरील चित्राचे ओजक्षयाशी साम्य जाणवते. परंतु साम्य म्हणजे एकरूपता नव्हे. विषाणूची वाढ रोखणारा सिद्ध उपाय एआरटी हाच आहे. भारतात तो शासनामार्फत १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागला आणि २०१७ पासून सीडी ४ ची संख्या न पाहता प्रत्येक बाधिताला देण्याचे धोरण आहे. रसायन चिकित्सेच्या नावाखाली ही औषधे कोणीही बंद करू नयेत.

आणखी एक सूचना. सध्याच्या उपचारात डोल्युटेग्राविर हे प्रमुख औषध आहे. कॅल्शियम व लोहयुक्त द्रव्ये सोबत घेतल्यास त्याचे शोषण घटते. प्रवाळ, शंख, मौक्तिक, लोह, मंडूर यांचे कल्प देत असल्यास डोल्युटेग्राविर त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घेण्यास सांगावे. त्याहून उत्तम म्हणजे एआरटी केंद्राच्या डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी.

कारण न सापडणारी पादसुप्ति, विस्मरण, स्वभावातील बदल वा चालण्यातील अस्थिरता दिसल्यास व्यवसाय, गाव वा वैवाहिक स्थिती न पाहता तपासणी सुचवावी. २०१७ च्या कायद्यानुसार तपासणीस रुग्णाची संमती आवश्यक आहे आणि निदानाची गुप्तता बंधनकारक आहे. माझा रुग्ण आज एआरटी घेत आहे व मागावर परतला आहे. पायांचा दाह कमी झाला. विस्मरण मात्र काही अंशी राहिले आहे. ते तीन महिने मला परत मिळणार नाहीत.