एक ना धड, भाराभर छंद

गेल्या उन्हाळ्यात माध्यमिक शाळेतील एक सर दवाखान्यात आले. वय बेचाळीस. दोन महिन्यांपासून झोप नाही, डोके जड, छातीत धडधड, वर्गात शिकवताना मध्येच धागा सुटतो, अशा तक्रारी. तपासले. रक्तदाब थोडा वाढलेला होता. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, कार्डिओग्राम सर्व ठीक. झोपेची चौकशी सुरू केली तशा सोबत आलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, रात्री एक वाजेपर्यंत हे करतात काय, ते विचारा आधी!"

मग यादीच बाहेर आली. पेटीचा क्लास, गच्चीवर गांडूळखत, बाहेरून एम.ए.चा फॉर्म, शेअर बाजार, मोबाईलवर बुद्धिबळ, आणि तालुक्यातल्या वीरगळांची नोंद करण्याचा संकल्प. प्रत्यक्षात पेटीवरची खोळ चार महिन्यांत निघाली नव्हती, गांडुळे उन्हाने मेली होती आणि एम.ए.चे पुस्तक विसाव्या पानावर अडले होते. सर खाली मान घालून म्हणाले, "एकही गोष्ट पुरी होत नाही हो. परवा मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही नुसतं सुरू करता." एवढे बोलून ते गप्प झाले. त्यांचे खरे दुखणे तेथे होते.

मन का दमते?

वाचकहो, छंद अनेक असणे हा रोग नव्हे. उलट, ज्याला कशातच गोडी वाटत नाही त्याची डॉक्टरला अधिक काळजी वाटते. त्रास होतो तो सर्व छंद एकाच वेळी उघडे ठेवल्याने. ज्या दोन कामांना पूर्ण लक्ष लागते ती मेंदू एकदम करू शकत नाही. तो या कामावरून त्या कामावर उड्या मारतो, आणि प्रत्येक उडीत थोडा वेळ व थोडी शक्ती खर्च होते. अमेरिकेतील संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ साली दाखवून दिले, की काम अर्धवट सोडून दुसऱ्याला हात घातला तर लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. म्हणजे सर पेटीपुढे बसले तरी मन शेअर बाजारात, आणि अंथरुणावर पडले तरी एम.ए.च्या विसाव्या पानावर!

"पण काही माणसांना सगळेच जमते," असे कोणी म्हणेल. मूळचे गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांचेच पाहा. पेशाने गणिताचे प्राध्यापक, पण प्राचीन नाणी, इतिहास, संस्कृत काव्य या सर्वांत त्यांचे मोठे काम आहे. मात्र नाण्यांकडे ते वळले तेही गणित हातात धरूनच. हजारो जुनी नाणी त्यांनी तोलली आणि वापराने घटलेल्या वजनाचा हिशोब संख्याशास्त्राने मांडला. एक खुंटा पक्का असेल तर दावे लांब सोडता येते.

काय करावे?

सरांना मी झोपेची गोळी दिली नाही. मीठ कमी, संध्याकाळी पाचनंतर चहा बंद, दर आठवड्याला रक्तदाबाची तपासणी आणि पुढील पथ्य लिहून दिले:

१) सर्व छंद एका कागदावर लिहावेत. डोक्यात दहा वाटतात, कागदावर सहाच निघतात.

२) त्यांतील एकच निवडून तीन महिने करावा. आम्ही रोग्याला एकदम पाच नवी औषधे देण्याचे टाळतो. कोणते लागू पडले आणि कोणते बाधले हेच मग कळत नाही. छंदाचेही तसेच आहे.

३) वेळ व जागा ठरवावी. "जमेल तेव्हा" नको. "जेवणाआधी पाऊण तास, माजघरातल्या टेबलाशी" असे हवे. तेवढा वेळ मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा.

४) उरलेल्या छंदांना तारीख द्यावी: पेटी दिवाळीनंतर, एम.ए. पुढच्या जूनमध्ये. अपुऱ्या कामाची नेमकी योजना केली, की ते मनात सारखे डोकावत नाही, असे २०११ सालच्या एका अभ्यासात आढळले आहे.

५) नवी कल्पना सुचली तर वहीत टिपून आठ दिवस थांबावे. तोवर त्यासाठी एक रुपयाही खर्च करू नये.

६) रात्री दहानंतर कोणताही छंद नाही. मोठ्या माणसाला साधारण सात तास झोप हवीच. ती मोडली तर दुसऱ्या दिवशी लक्ष आणखी उडते.

सल्ला केव्हा घ्यावा?

प्रत्येक वेळी पथ्य पुरत नाही. लहानपणापासूनच लक्ष टिकत नसेल, वस्तू हरवणे व कामे अर्धवट राहणे नेहमीचे असेल आणि त्यामुळे नोकरी वा संसार अडत असेल, तर एडीएचडी हा विकार असू शकतो. तो मोठ्यांतही आढळतो व त्यावर उपचार आहेत. एखादा माणूस थोड्याच दिवसांत एकदम बदलला, झोप कमी होऊनही थकेनासा झाला, भराभर बोलू लागला, पैसा उधळू लागला, तर घरच्यांनी त्याला लवकर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. याउलट, आवडत्या गोष्टींतला रसच संपला असेल तर नैराश्याचा विचार करावा लागतो. केंद्र सरकारची १४४१६ ही 'टेलिमानस' मोफत दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून सुरू आहे. विचारण्यात कमीपणा मानू नये.

सरांनी वीरगळ निवडले. पहिले पंधरा दिवस चिडचिड झाली. पेटी विकून टाकतो म्हणाले. मी म्हटले, "विकू नका, शेजारच्या मुलाला वापरायला द्या." दिवाळीत ते पेढे घेऊन आले. सात गावांतल्या सतरा वीरगळांची मापे, चित्रे व माहिती दोनशे पानी वहीत पुरी झाली होती. झोप लागत होती, रक्तदाबही उतरला होता. वहीतले अक्षर मात्र सरांचे नव्हते. "मुलीनं पक्कं लिहून दिलं," ते म्हणाले, "आणि पुढचं गाव कोणतं, म्हणून विचारते."