प्रस्तावपत्रातील एक रकाना

अहिल्यानगरलगतच्या केडगावातूनही आता मुलेमुली नोकरीनिमित्त परदेशी जातात आणि लेकीच्या बाळंतपणासाठी आईला विमानात बसावे लागते. पासपोर्ट हाती येतो, रेणुकामातेची ओटी भरून होते, मेतकुटाच्या पुड्या बांधल्या जातात आणि अखेरीस उरतो तो प्रवासविमा. ही आई एखादी निवृत्त शिक्षिका असेल आणि वर्षापूर्वी तिला स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर प्रस्तावपत्रातील एका रकान्यापाशी तिची लेखणी अडखळते : पूर्वीचा काही आजार?

आजार प्राथमिक अवस्थेत सापडला. शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार संपले, डॉक्टरांनी प्रवासास संमती दिली. रोजची एक गोळी तेवढी चालू आहे. आपण बऱ्या झालो असे बाईंना वाटते आणि त्यात वावगे काही नाही. अशा वेळी ‘कशाला उगीच लिहिता?’ असे सुचविणारे हितचिंतक घरातच भेटतात. हा सल्ला मायेपोटी दिलेला असला, तरी घातक आहे.

विमा हा परस्परांच्या पूर्ण विश्वासावर उभा असलेला करार आहे. शिवाय लपविलेली गोष्ट नेमकी अडचणीच्या वेळीच उघडी पडते. या आजारात अनेकींना दिली जाणारी टॅमॉक्सिफेनची गोळी पाच ते दहा वर्षे घ्यावी लागते आणि तिने रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. लांबच्या विमानप्रवासातही तोच धोका असतो. परदेशी उतरल्यावर पाय सुजला, तर तेथील डॉक्टर पहिला प्रश्न औषधांविषयीच विचारतील, उत्तर कागदावर उतरेल आणि तोच कागद दाव्यासोबत कंपनीच्या हाती पडेल.

खरे लिहिणाऱ्याच्या पाठीशी मात्र कायदा उभा राहतो. 2009 साली अमेरिकेस गेलेल्या एका मधुमेही प्रवाशास तेथे पोहोचताच हृदयविकाराचा झटका आला. मधुमेह त्याने आधीच कळविला होता, वैद्यकीय तपासणीही झाली होती. तरीही विमा कंपनीने दावा फेटाळला. 6 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. कळविलेल्या आजाराची जोखीम तोलून एकदा विमापत्र दिल्यावर त्याच आजाराकडे बोट दाखवून दावा नाकारता येणार नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केले. न्याय मिळाला, पण त्यास बारा वर्षे लागली, हेही विसरता येत नाही.

तथापि खरे लिहिल्याने सारे प्रश्न सुटतात असे नव्हे. कंपनी विमा नाकारू शकते, किंवा कर्करोग व त्याच्याशी संबंधित उपचार वगळू शकते. काही विमापत्रांत जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरतीच सवलत असते. शेंगेन देशांच्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा विमा लागतो. परंतु व्हिसा मिळवून देणारे विमापत्र त्या आजारासाठी उपयोगी पडेलच असे नाही. म्हणून काय समाविष्ट आहे आणि काय वगळले आहे, हे निघण्यापूर्वीच कंपनीकडून लेखी घेतले पाहिजे. डॉक्टरांचे प्रमाणपत्र व उपचारांचा गोषवारा जवळ असावा. मतभेद झाल्यास आधी कंपनीकडे तक्रार करावी. 30 दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. केडगावकरांसाठी ते कार्यालय पुण्यास आहे.

एवढे झाले तरी शासनाचे कर्तव्य संपत नाही. 2024 च्या नियमांनी देशांतर्गत आरोग्यविम्यात जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल 48 महिन्यांवरून 36 महिन्यांवर आणला; परदेश-प्रवासाचा विमा मात्र त्यातून वगळला गेला. ब्रिटनमध्ये एप्रिल 2021 पासून, आजारामुळे विमा नाकारणाऱ्या कंपनीस असा विमा देणाऱ्या इतर कंपन्यांची सूची ग्राहकास दाखवावी लागते. असा नियम आपल्याकडे करण्यास कोणतीही मोठी तरतूद लागणार नाही.

आजार वेळीच ओळखा, लपवू नका, असे आपण स्त्रियांना सांगत असतो. तो सल्ला मानणाऱ्या बाईला तिच्या खरेपणाचाच दंड होऊ नये, एवढी दक्षता विमा-नियामकांनी घेतली पाहिजे.