भेंडीच्या पानाचा ठसा

समुद्रकाठच्या खाऱ्या वाऱ्यात भेंडीचं झाड चांगलं तग धरतं. भाजीची भेंडी नव्हे. हे जास्वंदीच्या कुळातलं, पिंपळासारख्या पानांचं झाड. फूल सकाळी पिवळंधमक, दिवस कलताना लालसर, मग गळून जातं.

युरोपातल्या चित्रकारांना फुला-किड्यांच्या अशा अल्पायुष्याचं मोठं आकर्षण होतं. १५९२ साली फ्रँकफुर्टला ‘आर्केटिपा’ हा चित्रसंग्रह निघाला. चित्रं योरिस हूफनागलची. तांब्याच्या पत्र्यावर ती कोरली त्याच्या मुलाने, याकोबने. फुलं, फळं, सुरवंट, फुलपाखरं एकाच पानावर, सोबत लॅटिन वचनं. पाहणाऱ्याला आपलाही शेवट आठवावा, हा त्यातला एक हेतू.

पण कोरलेलं चित्र हाताचं असतं. खुद्द पानाचाच ठसा घेण्याची रीत वेगळी आणि त्याहून जुनी. लिओनार्दो दा विंचीच्या ‘कोडेक्स अटलांटिकस’ या टिपणसंग्रहात सेजच्या पानाचा ठसा आहे, शेजारी मेणबत्तीच्या काजळीची कृतीही. काजळी आपल्याही घरात धरता येते.

तेलाच्या दिव्यावर पितळी ताटली उपडी धरा. जमलेली काजळी खरवडून दोन-चार थेंब गोडेतेलात घोटा. भेंडीचं पान रात्रभर रद्दीत दाबून ठेवा. ताजं टवटवीत पान दाबताना सरकतं आणि त्याचा रस कागदावर उतरतो. शिरा उठून असतात त्या पानाच्या पाठीला, म्हणून काजळी पाठीलाच लावायची, कापडाच्या पुरचुंडीने टिपत, अगदी पातळ. इथेच बहुतेक ठसे बिघडतात: काजळी जास्त झाली की बारीक शिरांमधली जागा बुजते आणि कागदावर नुसता काळा बदाम उमटतो. काजळी लावलेली बाजू कागदावर टेकवा, वर दुसरा कागद ठेवा आणि देठापासून कडेकडे बोटांनी दाबत जा. पान सरळ वर उचला. नवी काजळी न लावता लगेच दुसरा ठसा घ्या. बहुधा तोच अधिक नाजूक येतो.

पान निवडताना मी किडीने खाल्लेलंच घेईन. अळीने पाडलेलं भोक ठशात कोरं राहतं, तिच्या कुरतडण्याची कड स्पष्ट दिसते. हूफनागलने शेजारी शेजारी मांडलेले पान आणि किडा इथे एकाच ठशात सापडतात, तेही न काढता.

पावसाळ्यात मात्र हे करू नका. दमट हवेत कागदाला बुरशी धरते. दसऱ्यानंतर करा, आणि ठशाखाली झाडाचं नाव, गाव, तारीख नक्की लिहा.