रिकाम्या जमिनीचा आराखडा

बर्लिनच्या टेंपलहोफ भागात, जनरल-पापे रस्त्याजवळ, काँक्रीटचा एक अजस्र दंडगोल उभा आहे. जमिनीवर १४ मीटर उंच, २१ मीटर व्यासाचा, जमिनीखाली आणखी १८ मीटर खोल गेलेला. वजन १२,६५० टन. तो किल्ला नाही, पाण्याची टाकी नाही, बॉम्बपासून बचावासाठी बांधलेला निवाराही नाही. १९४१ साली तो बांधला गेला आणि बांधणाऱ्यांत फ्रेंच युद्धकैदीही होते. त्याला काम दिलं होतं एकच. जागच्या जागी बसून राहायचं आणि आपल्या भारानं जमीन किती खचते ते दाखवायचं.

कारण त्या भागात हिटलरला विजयाची कमान हवी होती. ११७ मीटर उंच, १७० मीटर रुंद. पॅरिसची प्रसिद्ध कमान ५० मीटरांची, म्हणजे ती या कमानीच्या पोटात सहज मावली असती. पहिल्या महायुद्धात मेलेल्या १८ लाख जर्मन सैनिकांची नावं तिच्यावर कोरायची होती. पण बर्लिनची जमीन भुसभुशीत. एवढा डोंगर तिला पेलवेल का? सहा सेंटीमीटरपर्यंत खचली तर चालेल, असा अभियंत्यांचा हिशेब होता. तीन वर्षांत ती सुमारे १९ सेंटीमीटर खचली.

ज्या साली हा दंडगोल ओतला, त्याच साली जर्मन फौजा रशियात घुसल्या. युद्ध जिंकायचं बाकी होतं, पण विजयाच्या कमानीची माती-परीक्षा सुरू झालेली होती.

इतिहासातल्या जर-तरची मराठी वाचकाला जुनी ओढ आहे. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत प्राध्यापक गंगाधरपंत एका अशा जगात जाऊन पोहोचतात, जिथे १७६१ साली पानिपतावर मराठे जिंकलेले असतात. ते जग नारळीकरांना स्वतः रचावं लागलं, कारण पानिपतानंतरच्या भारताचा तयार नकाशा सदाशिवरावभाऊंच्या तंबूत कुणी ठेवलेला नव्हता. नाझी जर्मनीची गोष्ट वेगळी आहे. फिलिप डिकनं १९६२ साली आणि रॉबर्ट हॅरिसनं १९९२ साली हिटलर जिंकलेल्या जगाच्या कादंबऱ्या लिहिल्या. पण त्यांच्याही आधी ते जग सरकारी कचेऱ्यांमध्ये आखून ठेवलेलं होतं. इमारतींची उंची, रुळांमधलं अंतर, खर्चाचा अंदाज, कुठल्या देशातले किती टक्के लोक ठेवायचे त्याचे आकडे, सगळं. कल्पना फारशी लढवावी लागतच नाही. दप्तर उघडायचं आणि वाचायचं.

आधी राजधानी पाहू. १९३७ च्या जानेवारीत हिटलरनं तरुण वास्तुविशारद आल्बेर्ट श्पेअरकडे बर्लिन नव्यानं बांधायचं काम सोपवलं. शहराचं नाव होणार होतं 'गेर्मानिया'. उत्तर-दक्षिण जाणारा १२० मीटर रुंदीचा राजमार्ग, एका टोकाला ती कमान आणि दुसऱ्या टोकाला घुमटाकार सभागृह. उंची २९० मीटर, घुमटाचा व्यास २५० मीटर, आत दीड लाखाहून अधिक माणसं. विजापूरच्या गोल घुमटाखाली उभं राहून ज्यांनी मान मागे टाकली आहे, त्यांना हे माप चटकन कळेल. तो घुमट बाहेरून सुमारे ४४ मीटर व्यासाचा आहे. असे पाच शेजारी शेजारी ठेवले तरी बर्लिनच्या घुमटाची रुंदी भरत नाही.

हे सगळं हवेतच राहिलं असंही नाही. बर्लिनचा विजयस्तंभ आज जिथे दिसतो तिथे तो मूळचा नाही. नव्या राजमार्गासाठी १९३८-३९ मध्ये तो हलवला गेला आणि त्याची उंचीही वाढवली गेली. श्पेअरनं आखलेले रस्त्यावरचे दिवे त्या भागात अजून उभे आहेत. मात्र या भव्यतेचा दगड कुठून यायचा होता, ते कळलं की कौतुकाचा सूर लगेच उतरतो. १९३८ साली एसएस या संघटनेनं दगड-विटांची स्वतःची कंपनीच काढली. फ्लोसेनब्युर्ग आणि माउटहाउझेन या छळछावण्या ग्रॅनाइटच्या खाणींजवळ वसवल्या, तर बर्लिनजवळच्या झाक्सेनहाउझेन छावणीतले कैदी वीटभट्टीवर राबवले. पाडापाडीत ज्या जर्मन रहिवाशांची घरं जाणार होती, त्यांच्यासाठी ज्यू कुटुंबांना त्यांच्या घरांतून हुसकून हजारो घरं मोकळी केली गेली. म्हणजे शहर उभं राहण्याआधीच त्याची किंमत वसूल व्हायला लागली होती.

मग रेल्वे. जगात सर्वाधिक वापरात असलेल्या रुळांमधलं अंतर १,४३५ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजचं १,६७६ मिलिमीटर, प्रवासी रेल्वेच्या जगातल्या सर्वांत रुंद मापांपैकी एक. हिटलरला हवं होतं ३,००० मिलिमीटर. तीन मीटर रुंदीच्या रुळांवरून दुमजली डब्यांच्या गाड्या धावणार होत्या, पश्चिमेला पॅरिस, आग्नेयेला इस्तंबूल आणि पूर्वेला युक्रेनपर्यंत. रेल्वेच्या अभियंत्यांना यात फारसं शहाणपण दिसत नव्हतं, पण आखणीचं काम १९४५ पर्यंत चालूच राहिलं. खऱ्या गाड्यांना डबे आणि कोळसा पुरत नव्हता, आणि कचेरीत बसलेली माणसं न धावणाऱ्या गाडीच्या भोजनकक्षाची चित्रं रेखाटत होती.

इमारती आणि गाड्या हा त्या जगाचा दर्शनी भाग. त्याचा गाभा होता पूर्वेकडे. 'गेनेराल-प्लान ओस्ट', म्हणजे पूर्वेचा महाआराखडा, १९४१-४२ मध्ये तयार होत गेला. त्याचा प्रमुख कर्ता कोनराड मायर हा कुणी माथेफिरू सेनापती नव्हता. बर्लिन विद्यापीठातला शेतीशास्त्राचा प्राध्यापक होता. १९४२ च्या मे महिन्यात त्यानं दिलेल्या मसुद्यात लेनिनग्राडच्या आसपासचा टापू, क्रिमिया आणि त्यालगतचा भाग, लिथुआनियाच्या बाजूचा पट्टा अशा तीन मोठ्या जर्मन वसाहती होत्या. त्यांना जोडणाऱ्या वाटांवर ३६ ठाणी होती. खर्च ४५ अब्ज मार्कांहून अधिक, मुदत २५ वर्षं. एसएसचा प्रमुख हाइनरिख हिमलर याला मुदत लांबलचक वाटली, त्याला हे वीस वर्षांत हवं होतं. म्हणजे सारं ठरल्याप्रमाणे घडतं, तर १९६० च्या दशकात उद्घाटनांची धांदल उडाली असती.

आता त्या जागी राहणाऱ्या माणसांचं काय? याचं उत्तर एर्हार्ड वेत्सेल या अधिकाऱ्यानं एप्रिल १९४२ मध्ये लिहिलेल्या टिपणात सापडतं. ३ कोटी १० लाख लोक सैबेरियाकडे हाकलायचे. पोलिश लोकांपैकी ८० ते ८५ टक्के, बेलारूसचे ७५ टक्के, पश्चिम युक्रेनचे ६५ टक्के, चेक लोकांपैकी निम्मे. ज्यूंसाठी रकाना ठेवायची गरज नव्हती. ते तोवर नाहीसे झालेले असतील, हे गृहीतच धरलं होतं. गंमत म्हणजे, 'गंमत' हा शब्द इथे जिभेवर अडतो, वेत्सेलची एक तक्रार अशी होती की मूळ आकडेमोड नीट जमलेली नाही.

हे नुसतं कागदावर राहिलं असंही नाही. पोलंडमधलं झामोश्च हे सोळाव्या शतकात आखून बांधलेलं देखणं गाव. त्याच्या परिसरात नोव्हेंबर १९४२ पासून या आराखड्याची पहिली मोठी चाचणी झाली. ऑगस्ट १९४३ पर्यंत सुमारे ३०० गावांमधून १ लाख १० हजार माणसांना हुसकलं गेलं, त्यांत सुमारे ३० हजार मुलं होती. गावाला हिमलरचंच नाव द्यायचं घाटत होतं. हिटलर जिंकला असता तर जग कसं असतं, हे ज्याला पाहायचं असेल त्यानं झामोश्चचे ते नऊ-दहा महिने पाहावेत. तिथे ते जग खरोखर अवतरलं होतं.

आणखी एक कागद. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनच्या वान्झे तलावाकाठी ज्यूंच्या संहाराच्या आखणीसाठी झालेल्या बैठकीचं इतिवृत्त. त्यात युरोपातल्या ज्यूंची देशवार यादी आहे, एकूण १ कोटी १० लाखांची. आश्चर्य वाटतं ते यादीत कोणते देश आहेत ते पाहून. इंग्लंड ३ लाख ३० हजार, स्वित्झर्लंड १८ हजार, स्वीडन ८ हजार, स्पेन ६ हजार, आयर्लंड ४ हजार. यांतला एकही देश जर्मनीच्या ताब्यात नव्हता, काही तर तटस्थ होते. ही यादी चालू युद्धाची नव्हतीच. ती विजयानंतरच्या युरोपची होती.

आणि भारत? वान्झेच्या बैठकीच्या दोनच दिवस आधी, १८ जानेवारीला, बर्लिनमध्येच जर्मनी, इटली आणि जपान यांच्यात लष्करी करार झाला. कारवाईची हद्द ठरली ७० अंश पूर्व रेखांश. नकाशा काढून पाहा, ही रेषा सौराष्ट्रातून जाते. पोरबंदर जर्मन-इटालियन बाजूला, जामनगर जवळपास रेषेवर, मुंबईसह सारा महाराष्ट्र जपानच्या बाजूला. ही सत्तेची वाटणी नव्हती, सैन्यानं कुठवर काम करायचं त्याची आखणी होती. तरी महात्मा गांधींचं जन्मगाव बर्लिनमधल्या एका टेबलावर कुणाच्या तरी वाट्याला आलं, ही गोष्ट विसरता येत नाही. गांधींविषयी हिटलरचं मत काय होतं, तेही नोंदलेलं आहे. नोव्हेंबर १९३७ मध्ये भेटीला आलेल्या लॉर्ड हॅलिफॅक्सला, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या व्हाइसरॉय आयर्विनला, त्यानं सल्ला दिला होता की गांधींना गोळी घाला. इंग्रजांना जसा भारत तसा आम्हाला रशिया, असं तो आपल्या बैठकीत पुन्हा पुन्हा सांगे. ब्रिटिश साम्राज्य त्याच्या दृष्टीनं मोडायची वस्तू नव्हती, गिरवायचा कित्ता होता. इंग्रज हरले असते तर भारत आपोआप सुटला असता, हा हिशेब इथेच कोसळतो.

मग आजचं जग भयाण दिसलं असतं का? मला वाटतं, वरवर पाहता तसं दिसलं नसतं. रुंद रस्ते, वेळेवर सुटणाऱ्या गाड्या, क्रिमियात सुटी घालवणारी कुटुंबं, पूर्वेला टापटीप शेतं. आपण आज शहारतो, कारण जे घडलं ते आपल्याला ठाऊक आहे. आणि ते ठाऊक असणं हीसुद्धा त्या पराभवाचीच देणगी आहे. १९४२ पासूनच एसएस अधिकारी पाउल ब्लोबेलच्या हाताखालची पथकं सामूहिक कबरी उकरून प्रेतं जाळत होती, पुरावा उरू नये म्हणून. वान्झेच्या इतिवृत्ताच्या ३० प्रती काढल्या होत्या. सापडली ती एकच, सोळाव्या क्रमांकाची, १९४७ साली, जर्मन परराष्ट्र खात्याच्या दप्तरात. वॉर्साच्या ज्यू वस्तीत इमानुएल रिंगेलब्लुम आणि त्याच्या सोबत्यांनी रोजचं जगणं टिपून पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या किटल्यांत पुरून ठेवलं होतं. त्यांतला एक साठा १९४६ मध्ये निघाला, दुसरा १९५० मध्ये, तिसरा अजून मिळालेला नाही. जर्मन विजयानंतरच्या वॉर्सात तिथे खणायला कोण गेलं असतं?

ते जग टिकलं असतं का, हा प्रश्न वेगळा. झामोश्चमध्येच त्याच्या भेगा दिसू लागल्या होत्या. गावकरी रानात पळाले, बंदुका घेऊन परतले, नव्यानं वसवलेल्या जर्मन शेतकऱ्यांना झोप लागेना. रशियापर्यंत पसरायला लागणारे इतके जर्मन आणायचे कुठून, हे कोडंही कुणाला सुटलं नव्हतं. आराखडा करणाऱ्यांची ताकद आराखड्याएवढी नव्हती. पण तो तुटेपर्यंत किती माणसं संपली असती, याची झलक उपलब्ध आहे. जर्मनांच्या हाती लागलेल्या सुमारे ५७ लाख सोव्हिएत युद्धकैद्यांपैकी ३३ लाखांच्या आसपास मेले, बहुतेक उपासमारीनं आणि थंडीनं.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटतो तो वाल्टर क्रिस्टालर. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना हे नाव ओळखीचं आहे. १९३३ साली त्यानं मांडलेला 'केंद्रस्थान सिद्धांत' आपल्या विद्यापीठांतही शिकवला जातो. बाजाराची गावं षट्कोनांच्या जाळ्यात कशी पसरतात, ते तो सांगतो. त्याची पहिली अटच अशी आहे की जमीन सपाट आणि सगळीकडे सारखी हवी. खऱ्या देशात अशी जमीन नसते. तिथे नदी असते, देऊळ-चर्च असतं, पाचशे वर्षांची पेठ असते आणि जागा न सोडणारी माणसं असतात. १९४० पासून क्रिस्टालर मायरच्या कचेरीत काम करत होता, जिंकलेल्या पोलंडमध्ये कोणतं गाव केंद्र करायचं ते ठरवत होता. सिद्धांताला हवी तशी कोरी जमीन त्याला फौजेनं मिळवून दिली होती.

मायरचा मसुदा आला त्याच १९४२ साली नेदरलँड्समध्ये 'नोर्ड-ओस्ट-पोल्डर' नावाचा मोठा भूभाग पाणी उपसून कोरडा झाला. मधोमध एमेलोर्ड हे केंद्र आणि भोवती दहा गावांचं कडं अशी त्याची रचना आहे. तिच्यात अभ्यासकांना क्रिस्टालरच्या सिद्धांताचा मेळ दिसतो. तीच भूमिती, तेच गणित. डचांनी मात्र त्यासाठी समुद्र हटवला होता, माणसं नव्हे. मायर १९५६ साली हानोव्हरच्या तंत्रविद्यापीठात पुन्हा प्राध्यापक झाला. म्हणजे ते जग आखायला लागणारं कसब युद्धाबरोबर नष्ट झालं नाही. ते साधं, शिकता येण्याजोगं, आजही वर्गात शिकवलं जाणारं कसब आहे. म्हणूनच कुठलाही भव्य आराखडा पुढ्यात आला की त्याची उंची-रुंदी पाहण्याआधी, त्या जमिनीवर आज कोण राहतं हा रकाना भरलेला आहे का, ते आधी पाहावं.